तिवराचे रान आणि पाण्याची वाट

कोकणातल्या कोणत्याही खाडीच्या काठी ओहोटीच्या वेळी जाऊन उभे राहा. पाणी मागे सरलेले असते, काळा चिखल उघडा पडलेला असतो, आणि त्या चिखलातून पेन्सिली उभ्या रोवाव्यात तशी हजारो टोके वर आलेली दिसतात. त्यांच्यामागे हिरवीगार झुडपे. निवट्या चिखलावरून टुणटुण उड्या मारीत असतात, लहान खेकडे आपापल्या बिळांच्या तोंडाशी बसलेले असतात. हेच आपले तिवराचे रान. कोणी त्याला खारफुटी म्हणतो, सरकारी कागदात कांदळवन असा शब्द येतो. नाव कोणतेही घ्या, झाडे तीच: तिवर, कांदळ, चिपी, काजळा, मारांडी.

या रानाकडे आपण वर्षानुवर्षे कसे पाहिले? सरपण तोडायची जागा म्हणून, गावचा कचरा टाकायची जागा म्हणून, डासांचे घर म्हणून. आता मात्र वारे फिरले आहे. शाळा-कॉलेजांतून खारफुटी लावण्याचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात, वर्तमानपत्रात बातमी येते. ही चांगलीच गोष्ट आहे. पण पुढच्या वर्षी त्या रोपांचे काय झाले, हे पाहायला फारसे कोणी जात नाही. म्हणून आज मला एवढेच सांगायचे आहे, की हे रान पुन्हा उभे करायचे तर आधी काय करावे लागते, आणि ते कोणी करायचे.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो. मी खाडीकाठच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. चार वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन एका रविवारी आठशे कांदळांची रोपे लावली. जागा कशी निवडली? मोकळी दिसली म्हणून. गुडघाभर चिखलात मुले उतरली, रांगा आखल्या, दोरी धरून रोपे लावली. काम इतके नीटनेटके झाले, की पाहणाऱ्याने वाहवा करावी. पुढच्या मे महिन्यात मोजली तेव्हा जिवंत रोपे भरली एकोणतीस. बाकीच्यांवर शेवाळ गुंडाळले गेले होते, काहींच्या देठांना शिंपले चिकटले होते, पुष्कळशी उधाणात वाहूनच गेली होती.

तिथे तिसऱ्या काढायला येणाऱ्या एक आजी लागवडीच्या दिवशी काठावर उभ्या होत्या. त्या दिवशी त्या काही बोलल्या नव्हत्या. मी मोजणी करताना मात्र त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "सर, माझं उभं आयुष्य गेलं इथं. या जागी कधी तिवर आलेला मी बघितला नाही. आणि तुम्ही रोपं लावलीत ती आमच्या तिसऱ्यांच्या जागेवर. आम्ही चार बायका इथंच हात घालतो."

"मग आजी, त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" मी विचारले.

"तुम्ही शिकलेली माणसं. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

श्रोतेहो, या उत्तराला माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्याकडे पदव्या होत्या, रोपे होती, उत्साह होता. पण ज्या माणसाला ती जागा भरती-ओहोटीसकट पाठ होती त्याला आम्ही विचारलेच नव्हते. शिवाय चार घरांच्या पोटावर आम्ही पाय देत होतो ते वेगळेच.

आता रोपे का मेली ते पाहू. तिवर, कांदळ ही झाडे खाऱ्या पाण्यात वाढतात, म्हणून ती कितीही पाण्यात वाढतील असा आपला समज होतो. तो खरा नाही. मीठ सोसण्याची त्यांची युक्ती अजब आहे. कांदळ बरेचसे मीठ मुळाशीच अडवतो. तिवर मीठ आत घेतो आणि पानावाटे बाहेर टाकतो. खोटे वाटत असेल तर कोरड्या दिवशी तिवराचे पान जिभेला लावून पाहा, खारट लागेल. पण मीठ सोसले तरी श्वास घेतल्यावाचून कोणाचे चालते? खाडीच्या चिखलात हवा नसते. म्हणून तर ती पेन्सिलीसारखी टोके वर येतात. ती तिवराची श्वसनमुळे होत. ओहोटीच्या वेळी ती हवा घेतात आणि खाली गाडलेल्या मुळांना पुरवतात. कांदळ हेच काम कमानीसारख्या आधारमुळांकडून करून घेतो. ही मुळे सदासर्वकाळ पाण्याखाली राहिली तर झाड गुदमरते.

तेव्हा या झाडाला भरती जितकी हवी तितकीच ओहोटी हवी. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो. आपल्या दर्यावर्दी माणसांचा एक सोपा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. घड्याळ-पंचांग जवळ असले की पुरे. या चढ-उतारात मध्यम समुद्रपातळीच्या वरपासून ते उधाणाचे पाणी पोहोचते त्या रेषेपर्यंत जो पट्टा येतो, तो या झाडांचा. त्याच्या खाली गेलात तर झाड बुडते, वर गेलात तर पाणीच मिळत नाही. आमची आठशे रोपे या पट्ट्याच्या खाली, उघड्या चिखलात लावली गेली होती. तिथे निसर्गाने कधी तिवर लावला नव्हता, त्याला कारण होते.

ही चूक आमची एकट्यांची नव्हे. फिलिपिन्समध्ये कित्येक वर्षे मोठमोठ्या रकमा खर्चून अशा लागवडी झाल्या. २००८ मध्ये तिथल्या अभ्यासकांनी हिशोब मांडला, तेव्हा जगलेली रोपे साधारण शेकडा दहा ते वीसच निघाली. कारण हेच. योग्य जागी मत्स्यशेतीची तळी झालेली होती, मग रोपे लावली ती मोकळ्या दिसणाऱ्या खालच्या चिखलात. उलट अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर रॉबिन लुईस नावाच्या शास्त्रज्ञाने अगदी वेगळी रीत धरली. भराव टाकून बिघडलेल्या जागेची उंची त्याने आधी शेजारच्या चांगल्या रानाच्या उंचीइतकी करून घेतली, पाण्याला वाटा काढून दिल्या आणि वाट पाहिली. भरतीबरोबर बिया आपोआप आल्या आणि रान उभे राहिले. जगलेल्या रानात पाणी दिवसाच्या साधारण एक तृतीयांशाहून कमी वेळ उभे असते, हे त्याने मोजून दाखवले होते.

बिया आपोआप येतात याचे नवल वाटू नये. कांदळाची शेंग तुम्ही पाहिली असेल. ती खरे म्हणजे शेंग नव्हेच. झाडावर असतानाच बी रुजते आणि हातभर लांब कोंब खाली लोंबू लागतो. तो गळून पडला की चिखलात रुततो, नाहीतर पाण्यावर तरंगत दुसरीकडे जातो. तिवराचे बीही वरच्या पातळ सालीच्या आत रुजायला लागलेले असते. आजूबाजूला मोठी झाडे असली तर लाखो बिया दरसाल खाडीत फिरत असतात. त्या एखाद्या जागी टिकत नसतील, तर प्रश्न बियांचा नसून जागेचा असतो.

आता आपल्याच देशातले एक उदाहरण सांगतो. तामिळनाडूत चिदंबरमजवळ, वेल्लार आणि कोळ्ळिडम नद्यांच्या मुखांमध्ये पिचावरम नावाचे तिवराचे रान आहे. विसाव्या शतकात पुष्कळ वर्षे, १९७० च्या दशकापर्यंत, त्यातले पट्टेच्या पट्टे लाकडासाठी सरसकट तोडले गेले. तोडलेले रान पुन्हा वाढेल असा हिशोब होता. पण वाढले नाही. असे का झाले? सावली गेली, तसे ऊन थेट चिखलावर पडू लागले. चिखल सुकला, आकसला, खाली बसला, आणि सपाट जमिनीची बशी झाली. उधाणाचे पाणी त्या बशीत शिरे, पण ओहोटीला बाहेर पडेना. ते तिथेच आटे आणि मीठ मागे ठेवी. असे वर्षानुवर्षे झाल्यावर माती इतकी खारट झाली, की तिवराचे बीसुद्धा तिथे तग धरीना. लोकांना वाटे की गुरे चारतात, लाकूड नेतात, म्हणून रान येत नाही. वास्तविक रोग पाण्याच्या तुंबण्यात होता.

१९९० च्या दशकात डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या नावाच्या संशोधन संस्थेने तामिळनाडूच्या वनखात्याबरोबर तिथे काम सुरू केले. उपाय ऐकाल तर म्हणाल, यात विज्ञान ते काय? त्यांनी खाडीपासून त्या बशीपर्यंत एक मोठा चर खणला आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरके लहान चर जोडले. वरून पाहिले तर माशाच्या काट्यासारखा आकार दिसतो. आता भरतीचे पाणी सगळीकडे पोहोचू लागले आणि ओहोटीला त्याच वाटेने मीठ घेऊन बाहेर जाऊ लागले. मातीतला खारटपणा उतरला. मग चरांच्या कडेला तिवराची रोपे लावली, ती जगली. आज उपग्रहावरून काढलेल्या चित्रांत ते चर आणि त्यांच्या कडेने दाटलेली झाडी दिसते.

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. चर खणला की त्यात गाळ साचतो. दोन-चार वर्षांत तो उपसला नाही तर पुन्हा बशीची बशी. मग दरवेळी शहरातून शास्त्रज्ञ येऊन गाळ उपसणार आहेत का? म्हणून तिथे काठच्या गावांच्या समित्या करण्यात आल्या. मासेमार होते, इरुळर जमातीची माणसे होती. हे इरुळर त्या पाण्यात नुसत्या हाताने कोळंबी धरून पोट भरणारे लोक. रान वाढले तर कोळंबी वाढते, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या अडचणी त्यांच्याबरोबर बसून ऐकल्या गेल्या, आणि राखणीचे काम त्यांच्याकडे आले. चराचा आराखडा शास्त्रज्ञांचा, चर जिवंत ठेवणारे हात गावाचे. मला वाटते, सगळे सार यातच आहे.

आता कोणी विचारील, एवढी यातायात कशासाठी? तर त्याचे उत्तर दुर्दैवाने दोन मोठ्या संकटांनी दिलेले आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ आदळले. पुढे अभ्यासकांनी केंद्रपाडा जिल्ह्यातल्या शेकडो गावांचा हिशोब केला. समुद्रापासूनचे अंतर, जमिनीची उंची अशा इतर गोष्टी जमेस धरूनही असे दिसले, की ज्या गावांपुढे तिवराच्या रानाचा रुंद पट्टा होता तिथे माणसे कमी दगावली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात पाहणी झाली. रानाच्या पुढे, उघड्या किनाऱ्यावर असलेली वस्ती उद्ध्वस्त झाली, रानामागची गावे बचावली. तिथे मात्र काही शास्त्रज्ञांनी सांगितले, की मागची गावे लांब आणि उंचावर होती हेही त्यांच्या बचावाचे एक कारण होते. ते खरेच आहे. तिवर म्हणजे काही किल्ल्याची भिंत नव्हे. पण वाऱ्याचा आणि लाटेचा जोर तो खातो, आणि काठाची माती धरून ठेवतो, यात शंका नाही.

रोजच्या जीवनातला फायदा तर दारातच आहे. बोई, तांबोशी, जिताडा या माशांची पिल्ले, कोळंबी, चिंबोऱ्या या मुळांच्या जाळीतच लपून मोठी होतात. तिथे मोठ्या माशाला शिरता येत नाही. गळलेल्या पानांवर खेकडे जगतात, खेकड्यांवर मासे जगतात. शिवाय या चिखलात हवा नसल्यामुळे गळलेला पालापाचोळा, मेलेली मुळे लवकर कुजत नाहीत. त्यांतला कार्बन शतकानुशतके मातीत गाडलेला राहतो. एकरी हिशोब केला तर या रानात साठलेला कार्बन जमिनीवरच्या घनदाट जंगलातल्या साठ्याच्याही कितीतरी पट भरतो. जगाची हवा तापत असल्याच्या या काळात ही केवढी ठेव आहे! पण रान उखडून चिखल उकरला की हीच ठेव धूर होऊन हवेत जाते.

आपल्या राज्यात याची जाणीव उशिरा का होईना, झाली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवराच्या तोडीवर बंदी घातली आणि उपग्रहाच्या चित्रांवरून या रानाचे नकाशे तयार करायला सांगितले. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ही बंदी पक्की झाली. जमिनीची मालकी कोणाचीही असो, तिवराभोवतीच्या पन्नास मीटरांत बांधकाम करता येणार नाही, असे ठरले. २०१२ मध्ये राज्याच्या वनखात्यात खास कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याच्या कांदळवृक्षाचा मान मिळाला.

उपग्रहाला आकाशातून तिवर कसा कळतो, हे शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे. हिरवे पान सूर्यप्रकाशातले अवरक्त किरण फार परतवते. ते किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, उपग्रहावरच्या यंत्राला दिसतात. ओला चिखल आणि पाणी ते किरण शोषून घेतात. त्यामुळे चित्रात चिखल काळा दिसतो आणि तिवर उजळ दिसतो. अशी चित्रे दरसाल ताडून पाहिली, की कुठे भराव पडला, कुठे रान सुकत चालले, हे कचेरीत बसून समजते. देशाच्या वनसर्वेक्षणाच्या २०१५ च्या अहवालात महाराष्ट्रात २२२ चौरस किलोमीटर कांदळवन नोंदले होते, २०२१ च्या अहवालात ३२४. या वाढीतला काही भाग मोजणी बारकाईने होऊ लागल्याचाही असू शकतो, हे ध्यानात ठेवावे. तरी रान वाढते आहे ही गोष्ट खरी.

मात्र उपग्रहाला एक गोष्ट दिसत नाही. रान सुकले ते दिसते, पण ते का सुकले हे दिसत नाही. कुऱ्हाड न लावताही तिवर मारता येतो. नुसता एक बांध घालून किंवा रस्त्याखालची मोरी बुजवून पाणी तोडले, की वर्षा-दोन वर्षांत झाडे उभ्या उभ्या वाळतात. मग म्हणायला मोकळे, की रान आपोआप मेले. ही चलाखी ओळखू शकतो तो फक्त काठावरचा माणूस.

पण काठावरच्या माणसाची दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. रायगड जिल्ह्यात पेण, अलिबाग या तालुक्यांत खारबंदिस्तीची मोठी शेती आहे. खाडीला बांध घालून आत भात पिकवायचे, ओहोटीला उघाडीतून गोडे पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला ती बंद ठेवायची, ही आपली जुनी रीत. गोव्यातही शेकडो वर्षांपासून खाजणशेती अशीच होते. तिथल्या लाकडी दरवाजाला मानस म्हणतात आणि तो भरती-ओहोटीच्या जोरानेच मिटतो, उघडतो. त्याची देखभाल गावकऱ्यांची संस्था करीत असे. तंत्रज्ञान म्हणजे केवळ उपग्रह नव्हे, हेही तंत्रज्ञानच होय. पुढे पुष्कळ ठिकाणी बांधांची डागडुजी वेळच्या वेळी होईनाशी झाली. बांधाला खांड पडली, खारे पाणी शेतात शिरले, आणि काही वर्षांत भाताच्या जागी तिवर उभा राहिला. आता कायदा म्हणतो तिवर तोडू नका, आणि शेतकरी म्हणतो, ही माझ्या आजोबांची राता भाताची जमीन आहे. दोघांचेही खरे आहे. शेतकऱ्याला निसर्गाचा शत्रू ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. खांड पडली त्याच वर्षी बांध बांधला असता, तर तिवर बांधाबाहेर राहिला असता आणि भात आत. जुने लोक बांधाच्या बाहेरच्या अंगाचा तिवर राखीत, कारण तो लाटा खातो आणि बांध टिकतो. तिवर आणि बांध हे मुळात शेजारी आहेत. ही भांडणे आपल्या दुर्लक्षातून निघाली.

राखण करायची तर राखणाऱ्याच्या घरात चूल पेटली पाहिजे, हेही तितकेच खरे. राज्य सरकारने २०१७ पासून कांदळवनाच्या काठच्या गावांसाठी उपजीविकेची योजना सुरू केली. खेकडेपालन, कालवे आणि शिणाणे वाढवणे, पिंजऱ्यातली मासेशेती, असे धंदे तीत आहेत. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा एक बचतगट पर्यटकांना होडीतून तिवराचे रान दाखवतो आणि झाडांची माहिती सांगतो. दूर आफ्रिकेत, केनियाच्या गाझी उपसागराच्या काठी, गावकरी आपले रान राखतात आणि त्यात साठणाऱ्या कार्बनबद्दल बाहेरून पैसे मिळवतात. २०१३ पासून त्या पैशातून तिथे पाण्याची सोय झाली, शाळेला मदत झाली. रानाचा फायदा गावाच्या नळाला आणि शाळेच्या फळ्यावर दिसला, की राखणदार वेगळा नेमावा लागत नाही.

आता आमच्या गावची गोष्ट पुरी करतो. त्या आजींच्या बोलण्याने डोळे उघडल्यावर आम्ही पुन्हा लागवड केली नाही. आधी गावातल्या मच्छीमार मंडळींना आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना शाळेच्या ओट्यावर बोलावले आणि एकच विचारले, पूर्वी तिवर कुठे होता आणि कधी गेला? दोन तासांत जमिनीवर खडूने नकाशा निघाला. सगळ्यांचे बोट एकाच जागेवर आले. रस्ता झाला तेव्हा एका उपखाडीच्या तोंडाशी भराव पडला होता आणि त्याखाली घातलेली नळाची मोरी गाळाने बुजली होती. आत पाणी तुंबून तिवर वाळले होते. विद्यार्थ्यांनी गवंडी पातळी काढतात त्या पाण्याच्या नळीने जागेची उंची मोजली. ती शेजारच्या चांगल्या रानाइतकीच होती. म्हणजे जागा ठीक, वाट बंद. मग ग्रामपंचायतीचा ठराव केला, वनखात्याला कळवले, अर्ज केले. कागद फिरायला सव्वा वर्ष लागले. अखेर मोरी मोकळी झाली.

आम्ही एकही रोप लावले नाही. पहिल्या पावसाळ्यात काही दिसले नाही, आणि गावात थोडी थट्टाही झाली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मुलांनी दोरीने आखलेल्या चौकोनात तिवराची रोपे मोजली, ती एका चौकोनात कुठे पाच, कुठे अकरा भरली. आता दर दिवाळीच्या सुटीनंतर सातवीचा वर्ग ती मोजणी करतो, आणि मोरीत गाळ आला की आजींचा नातूच निरोप घेऊन येतो. तिसऱ्यांच्या जागेला कोणी हात लावत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या गावाला खाडी असेल तर एवढे करून पाहा. आधी म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या रानाचा नकाशा काढा. एका उधाणाला आणि एका भांगाला पाणी कुठवर येते ते खुंट्या मारून पाहा. चांगले रान ज्या उंचीवर आहे ती मोजा. पाण्याची वाट कुठे अडली आहे का, ते शोधा. अडली असेल तर स्वतः कुदळ न मारता वनखात्याला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा, कारण तिवराच्या जागेत परवानगीशिवाय काही करणे गुन्हा आहे. त्या जागेवर कोणाचे पोट चालते, हे मात्र सर्वांत आधी विचारा. एवढे करून आसपास बी देणारी झाडेच नसतील, तर मग रोपवाटिका करा आणि लागवड करा. ती जगेल.

रोप लावायला एक रविवार पुरतो. पाण्याची वाट मोकळी ठेवायला दरसालचे लक्ष लागते, आणि ते काठावर राहणाऱ्या माणसांवाचून होत नाही. पुढच्या ओहोटीला आपल्या खाडीकडे एक फेरी मारा, आणि जाताना घरातल्या एखाद्या जुन्या माणसाला बरोबर घ्या.